लाईट गेली तेव्हाचे तुकडे

कुठल्याही कॉम्प्युटरला हात लावण्याआधी काका त्याच्या डब्यावर बोटाने दोनदा टकटक करायचे आणि विचारायचे, "कोण आहे?" मग थांबायचे. मान तिरकी, डोळे मिटलेले, खरंच उत्तराची वाट बघत. काही ऐकू आलं नाही की "चला, रिकामं आहे" असं म्हणून खुर्ची ओढायचे. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी मी मुद्दामच विचारलं, "काका, आणि कधी आतून उत्तर आलं तर?"

"तर दुसऱ्या मशीनवर बसायचं, चिंचणी. त्यात काय एवढं?"

चिंचणी म्हणजे मी. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, गावं राहत. आमच्या साहेबांना ते तोंडावर "बोर्डी" म्हणत आणि साहेब खालमानेनं ऐकून घेत, कारण सर्व्हरमधलं साहेबांना ओ की ठो कळत नव्हतं. काका टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. सरावलीला राहायचे, एकटेच. दोन हजार चौदा साली मी लागले तेव्हा ते आमच्या ऑफिसात आधीपासून होते, भिंतीसारखे. ऑफिस कसलं, डहाणू रोड स्टेशनजवळ चिकूच्या वखारीच्या वरच्या दोन खोल्या आणि सहा कॉम्प्युटर. खाली पेट्यांत पेंढा भरायचे, वर आम्ही प्रोग्राम लिहायचो, आणि पिकल्या चिकूचा वास दोन्हीकडे सारखाच.

एक्स्चेंजच्या गोष्टी सांगायची वेळ त्यांची ठरलेली, दुपारी जेवणानंतर. ऐन उन्हात, पंखा फिरत असताना, माणूस असं काही सांगेल की पाठीत थंडगार व्हावं. पावसाळ्यात म्हणे एका लाईनवर बाईचा आवाज यायचा. लाईनीला गिऱ्हाईक नाही, तार पुढे खांबावरच तुटलेली. बाई एकच विचारायची, "पोचलास का?"

"ओल," काका म्हणायचे. "ओलीने तारा एकमेकींना लागतात. दुसऱ्याचं बोलणं आपल्याला ऐकू येतं. इतकंच आहे ते." मग ताकाचा पेला खाली ठेवून, "पण रोज तेच का विचारायची, ते काही ओलीने सांगितलं नाही."

त्यांना खोटं बोलता येत नसे. बोलायची वेळच आली तर चष्मा काढत, शर्टाच्या टोकाने पुसत आणि पुसता पुसता बोलत. माझ्या आईने एकदा हौसेने बोंबलाची चटणी दिली होती. दुसऱ्या दिवशी विचारलं तर चष्मा काढून, "फार छान होती हो, सगळी संपवली." मी घरी सांगितलं, आई म्हणाली, "मांजरीनं संपवली असंल, तू काय गो बावळट!" तेव्हापासून ऑफिसात काकांनी चष्म्याला हात लावला की आम्ही एकमेकांकडे बघायचो.

आता आमच्या कामाबद्दल सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. एका ट्रस्टसाठी आम्ही एक यादी चालवायचो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर कुणाला साप चावला की घरचे ट्रस्टला फोन करत, आणि फोनवरचा माणूस आमच्या यादीत बघून सांगे की जवळच्या कुठल्या केंद्रात इंजेक्शनं शिल्लक आहेत, तिकडे न्या. ती यादी आणि तिचा सगळा प्रोग्राम एका रेपोत ठेवलेला असे. रेपो म्हणजे कामाची वही समजा. कुणी, कधी, कुठली ओळ बदलली ते त्यात राहतं, जुनं काही आपोआप पुसलं जात नाही. आपण केलेला बदल त्यात घातला, म्हणजे कमिट केला, की तो सगळ्यांना दिसतो. नाही केला तर तो आपल्याच पडद्यावर राहतो, जगाला त्याचा पत्ता नसतो.

आणि आमच्याकडे लाईट जायची. दिवसातून तीनदा, चारदा. गावाच्या नाकासमोर वीज तयार होते, वीजकेंद्राची चिमणी दिसते खिडकीतून, आणि आमची लाईट जाते! माणूस अर्धी ओळ लिहून बसलेला असे आणि सगळं काळंकुट्ट. त्यावर काकांनी एक जुगाड केला होता. लाईट गेली की बॅटरी कुंईकुंई करायची, तेवढ्या अर्ध्या मिनिटात ज्याच्या पडद्यावर जे असेल ते उचलून त्याच्या नावाने रेपोच्या एका कोपऱ्यात ठेवलं जायचं. आम्ही त्याला तुकडे म्हणायचो. लाईट परत आली की प्रत्येक पडद्यावर काकांनीच लिहिलेला प्रश्न यायचा: "लाईट गेली तेव्हा तू हे लिहीत होतास. परत आणू?" खाली दोन बटणं, हो आणि नको.

आम्ही सगळे नको दाबायचो. दिवसातून चारदा कोण वाचत बसणार? तुकड्यात बहुतेक वेळा कचराच असायचा. पण नको म्हटलं तरी काका तो तुकडा फेकत नसत. "माणसाचं अर्धं वाक्य टाकून द्यायचं नसतं," म्हणायचे. "कुणी सांगावं, दुसरं अर्धं परत येईल." असे पाच वर्षांत हजारांनी तुकडे साठले. त्यांच्यावर तारखासुद्धा धड नव्हत्या, कारण लाईट गेली की आमच्या जुनाट मशिनींची घड्याळंही वेडी व्हायची. लोक कामाला लागायच्या आधीच्या तारखांचे त्यांचे तुकडे होते. मी शाळेत होते तेव्हाचाही माझा एक होता.

वनिताचे तर कितीतरी होते.

वनिता तलासरीच्या पुढच्या एका पाड्यावरची. तिला काका "तलासरी" म्हणत. बापाची भाताची थोडी जमीन, वर नाचणी, आणि ही पोर कॉलेज करून रोज एसटीने डहाणूला यायची. केंद्राकेंद्रातून फोन घ्यायचे आणि यादीत बदल करायचे हे काम तिच्याकडे होतं. माझ्याशेजारी बसायची. कमी बोलायची, पण फोनवर आवाज असा खणखणीत की खालच्या वखारीत ऐकू जावा. काका तिच्या मशीनवर टकटक करून "कोण आहे?" म्हणाले की ती शेजारून उत्तर द्यायची, "मीच आहे, दुसरीकडे बसा." एकटी तीच उत्तर देणारी, आणि काका मुकाट्याने दुसरीकडे बसायचे.

दोन हजार सोळाच्या पावसाळ्यात, लावणीच्या दिवसांत, एका शनिवारी संध्याकाळी तिला बांधावर साप चावला. भावाने ट्रस्टला फोन केला. फोनवरच्या माणसाने यादी बघून जवळच्या केंद्राचं नाव सांगितलं. भाऊ मोटरसायकलवर तिला मधे धरून तिकडे निघाला, आणि वनिता सगळ्या वाटेत म्हणत होती, "तिथं नको, तिथं संपलंय. मी लिहिलंय. मी आजच लिहिलंय." भावाला वाटलं, विषाने बडबडतेय. केंद्रात इंजेक्शन नव्हतं. केंद्रवाल्यांनी दुपारीच वनिताला तसं फोन करून कळवलेलं होतं. तिथून मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत ती गेली.

सोमवारी साहेबांनी यादी उघडली. त्या केंद्रासमोर "उपलब्ध" होतं. वनिताचा बदल कुठेच नव्हता. साहेब हळहळले, आणि तिच्या बापासमोर म्हणाले, "घाईत राहून गेलं असेल हो तिच्याकडून. होतं असं." काका भिंतीला टेकून उभे होते. ते एकदम म्हणाले, "तिनं लिहिलं होतं. मरताना माणूस कामाचं खोटं कशाला बोलेल?" साहेबांनी विचारलं, "मग कुठे आहे?" पाड्यावर मात्र बोलणं पोचलं ते साहेबांचं: पोरीची स्वतःचीच चूक, यादी तिच्याच हातात होती.

तिच्या मशीनवर पुढे कुणी बसलं नाही. काका रोज येऊन त्यावर टकटक करायचे. "कोण आहे?" म्हणायचे आणि बाकीच्या मशिनींपेक्षा जास्त वेळ थांबायचे. मी तोंड फिरवून बसायचे.

रेपो मंद व्हायला लागला तो त्यानंतर वर्षभराने. दोन सेकंदांत होणारं कमिट वीस सेकंद घ्यायला लागलं, मग मिनिट, मग चार मिनिटं. तुम्ही म्हणाल, चार मिनिटांनी काय होतंय? सापाच्या दिवसांत चार मिनिटांनी काय होतं ते आम्हाला सांगायची गरज नव्हती. अठरा सालचा पावसाळा तोंडावर आला आणि माझ्या डोक्याला शॉट बसला. साहेब म्हणाले तारा बदला. बदलल्या. खाऱ्या हवेने गंज चढला असेल म्हणून सगळी कनेक्शनं घासून काढली. तुकड्यांचा ढीग झालाय, तो साफ करा, असंही साहेब म्हणाले. काका म्हणाले, "ढीग म्हणजे रोग नव्हे. ढीग आधीही होता." मग माझ्याकडे वळून, "मशीन आळशी नसतं, चिंचणी. मंद झालं म्हणजे ते कुणाचं तरी काम करतंय. कुणाचं, ते शोध."

शोधलं बाई. वहीत रोज दर तासाला किती वेळ लागतो ते लिहायला लागले. पंधरा दिवसांनी वही उलटून बघितली तर सकाळी दहापर्यंत रेपो हरणासारखा पळत होता. अकरानंतर मंद. संध्याकाळी पाचनंतर पुन्हा ठीक. आणि मंगळवारी दिवसभर ठीक! मंगळवारी काय असतं? मंगळवारी काका सुट्टी घेऊन तलासरीला जायचे, कशाला ते कधी सांगत नसत. मी वही मिटली.

बुधवारी दुपारी बारा वाजता सर्व्हर आत्ता काय करतोय याची यादी मी उघडली. ती उघडायला काकांनीच शिकवलं होतं. एकच काम सगळा सर्व्हर खात बसलं होतं. समोर ते कुणी चालू केलंय त्याचं नाव असतं. नाव होतं वनिता. आणि कुठल्या मशीनवरून, तर तिच्याच.

मी मान वळवून बघितलं. खुर्ची रिकामी. पडदा काळा. डब्यावरचा हिरवा दिवा मात्र भराभर लुकलुकत होता, आतमध्ये कुणी पानं उलटावीत तसा. खालून पेट्यांवर खिळे ठोकल्याचा आवाज येत होता, बाहेर टळटळीत ऊन होतं, आणि माझ्या अंगावर सरसरून काटा आला. मी उठले. दोन वर्षांत मी त्या मशीनला हात लावला नव्हता. काय सुचलं कुणास ठाऊक, डब्यावर दोनदा टकटक केली आणि म्हटलं, "कोण आहे?"

"मी आहे," मागून आवाज आला.

माझी किंकाळी वखारीपर्यंत गेली असणार. मागे काका उभे होते, हातात ताकाचा पेला.

"बस," ते म्हणाले. "पडदा चालू कर."

पडद्यावर ओळी वर सरकत होत्या. काकांचा एक छोटा प्रोग्राम एक तुकडा उघडत होता, त्यात ते केंद्र आहे का बघत होता, मिटत होता, पुढचा उघडत होता. हजारो तुकडे, तारखा सगळ्या खोट्या, त्यामुळे नेमका त्या शनिवारचा काढायचा तर एकेक उघडण्यावाचून गत्यंतर नव्हतं. शोध तिच्या तुकड्यांपासून सुरू केलेला, म्हणून काका तिच्याच नावाने आत शिरले होते. आधी तिचे झाले, त्यांत मिळालं नाही. लाईट जाताना कधीकधी एकाचं दुसऱ्याच्या नावावर पडायचं, म्हणून मग सगळ्यांचे.

"वर्ष झालं," काका म्हणाले. "तिनं लिहिलं होतं. ते कुठेतरी आहे. मंगळवारी जातो ना, तिची आई विचारते, मिळालं का? काय सांगू तिला?"

मी चिडले. भीती वाटली की मला राग येतो, आईवर गेलेय. "काका, तुम्ही गेलेल्या पोरीसाठी सगळा रेपो अडवून धरलात! उद्या दुसरी कुणाची पोर..." ते म्हणाले, "खरं आहे तुझं. मला आठ दिवस दे. मग साफ कर सगळं." साहेबांनाही मी आठ दिवसांचंच सांगितलं.

चौथ्या दिवशी, शनिवारी सकाळी मी आले तेव्हा काका आधीच येऊन बसले होते. वनिताच्या मशीनचा दिवा शांत होता.

"मिळालं?" मी विचारलं.

"मिळालं." त्यांनी चष्मा काढला. शर्टाचं टोक धरलं. "तिनं लिहिलं होतं. माझ्या प्रोग्रामची चूक. परत आणायचा प्रश्नच विचारला नाही त्याने त्या दिवशी. पडद्यावर आलाच नाही." काच पुसत राहिले. "मी आजच जातो तलासरीला, सांगून येतो. तू साफ कर. बघत बसू नकोस, चिंचणी. नुसतं साफ कर."

ते गेले. आणि बघू नकोस म्हटल्यावर न बघणारी बाई चिंचणीत जन्माला यायची आहे. त्यांनी शेवटचा उघडलेला तुकडा मी उघडला. वनिताची ओळ होती, त्या केंद्राच्या नावासमोर: "शनिवार दुपारी फोन आला. साठा संपला. इथं पाठवू नका." आणि खाली, प्रोग्रामने नोंदवलेलं: "परत आणू? विचारलं. उत्तर: नको."

प्रश्न आला होता. कुणीतरी नको दाबलं होतं.

मग मला तो शनिवार आठवला, जो मी दोन वर्षं आठवला नव्हता. साडेतीनला लाईट गेली. घरी लावणी होती म्हणून वनिता तशीच पिशवी उचलून एसटीला पळाली, बाकीचेही गेले. काका तर शनिवारी यायचेच नाहीत तेव्हा. शनिवारी कुलूप लावायचं काम माझं. मशीन नीट बंद केल्याशिवाय निघता येत नाही म्हणून मी खिडकीशी चिकू खात लाईटची वाट बघत बसले. पाचला लाईट आली. सहा पडदे उजळले, सहा प्रश्न आले. रिक्षा भरून निघायची वेळ झालेली. मी टेबलामागून टेबल फिरले आणि सहा वेळा नको दाबलं. एकही वाचलं नाही. ऑफिसात दुसरं कुणी नव्हतं.

नको कुणी दाबलं ते काकांना कळलंच होतं, शनिवारची किल्ली कुणाकडे असते ते त्यांना माहीत होतं. मी तासभर बसून राहिले. मग साफ करायची आज्ञा दिली. पडद्याने विचारलं, हे परत आणता येणार नाही, नक्की ना? मी हो दाबलं. यावेळी वाचून दाबलं, एवढाच फरक. दुपारी कमिट दोन सेकंदांत झालं आणि साहेबांनी सगळ्यांना वडापाव मागवले.

काकांनी मला कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. वर्षभर आम्ही समोरासमोर बसून जेवलो. एक्स्चेंजच्या गोष्टी त्यांनी बंद केल्या. मशीनवर टकटक करायचे, पण "कोण आहे?" विचारत नसत. मला मात्र तेवढ्या दोन ठोक्यांनी दचकायला व्हायचं. कितीदा ओठांवर आलं, काका, मी होते. पण त्यांनी चूक स्वतःच्या अंगावर घेतली होती आणि मला ते बरं पडत होतं. लाज वाटते लिहायला, पण बरं पडत होतं.

एकोणीसच्या पावसाळ्यात काका झोपेत गेले. दिवाळीनंतर एका दुपारी जिन्यात पावलं वाजली आणि वनिताचा बाप दारात उभा राहिला. हातात फडक्यात बांधलेला नवा तांदूळ.

"दर साली काकांना देत होतो," तो म्हणाला. "गेल्या साली ते बोलले, मी नसलो तर चिंचणीच्या बाईला द्यायचा."

मी हात पुढे केला नाही. करवेना. "बाबा," मी म्हटलं, "ती चूक काकांची नव्हती."

"ठाव आहे." तो शांतपणे म्हणाला. "ते सांगत तवा चष्मा पुसत. दर खेपी पुसला. पोरीनं लिहिलं होतं, हे सांगताना मात्र पुसला नाही कधी. माला तेवढं पुरं होतं. पन पाड्यावर लोक विचारतात, मग कुनाची चूक? काका आता नाहीत सांगायला."

त्याने तांदूळ माझ्या टेबलावर ठेवला आणि गेला. त्याने मला "पाड्यावर या" म्हटलं नाही. म्हटलं असतं तर कदाचित मी टाळलं असतं.

पुढच्या मंगळवारी मी तलासरीची एसटी धरली. पाड्यावर पोचले तेव्हा भर दुपार होती, सगळे खळ्यावर गेलेले, चिटपाखरू नव्हतं. कुडाचं घर, दार लोटलेलं. मी बोटाने दोनदा टकटक केली.

आतून बाईचा आवाज आला, "कोण आहे?"

मी थांबले. दार उघडलं नाही. ती आत उत्तराची वाट बघत होती. पळून जावं असं वाटलं, खरंच सांगते.

"मी चिंचणीची," मी म्हटलं. "शनिवारी ऑफिसाला कुलूप लावणारी. वनितानं लिहिलं होतं, आई. मी न वाचता नको दाबलं."

मग दार उघडलं. तिची आई माझ्याएवढ्याच उंचीची होती. तिने मला शिवी दिली नाही, आत ये म्हटलं नाही.

"काय लिहिलं होतं तिनं?" तिने विचारलं.

आता ते जगात कुठेच नव्हतं. मीच पुसलं होतं. मी सांगितलं, "शनिवार दुपारी फोन आला. साठा संपला. इथं पाठवू नका."

ती म्हणाली, "परत सांग." मी परत सांगितलं. मग ती माझं मनगट धरून मला खळ्याकडे घेऊन गेली, जिथे सगळा पाडा होता.